खेळणारा आणि रसिक : चार कन्सोल गेम्सचे परिशीलन

१

भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात नाट्याच्या उत्पत्तीची जी कथा आली आहे, तीत इंद्रप्रमुख देव ब्रह्मदेवाकडे एक खेळणे मागतात. ते दृश्यही असावे आणि श्राव्यही असावे, अशी त्यांची इच्छा असते. या मागणीतून नाट्यवेद निर्माण झाला. परंतु ब्रह्मदेवाने तो देवांच्या स्वाधीन करू म्हटले, तेव्हा त्याचा प्रयोग करण्यास देव समर्थ नाहीत, असे इंद्राने स्पष्ट सांगितले. आणि ते काम भरताकडे व त्याच्या शंभर पुत्रांकडे गेले. ज्यांनी खेळणे मागितले त्यांनी त्याला हात लावला नाही. प्रयोग नटांनी करावयाचा आणि इतरांनी तो पाहावयाचा, ही विभागणी तेथेच ठरून गेली. पुढील सर्व रसमीमांसा तिच्या आधारावर उभी आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विभागणी एका अनपेक्षित बाजूने मोडली. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचा पहिला कन्सोल, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, १९७२ मध्ये विक्रीस आला. प्रारंभी पडद्यावर काही ठिपके व रेषा तेवढ्या हलत असत. पुढील तीन-चार दशकांत त्या ठिपक्यांच्या जागी माणसे, पशू, पर्वत आणि प्रासाद आले. कथानक आले, संगीत आले, संवाद आले. म्हणजे नाट्याची बहुतेक सामग्री येथे येऊन पोहोचली. तथापि एक गोष्ट नाट्यापेक्षा वेगळी राहिली. पडद्यावरील पात्र पाहणाऱ्याच्या हातातील कंट्रोलरवाचून एक पाऊलही टाकत नाही. देवांनी जे काम नाकारले होते, ते येथे पाहणाऱ्यालाच करावे लागते.

अशा अवस्थेत खेळणारा हा रसिक होऊ शकतो काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट (१९४२-२०१३) याने त्याचे उत्तर नकारार्थी दिले होते. २००५ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये त्याने जी भूमिका मांडली तिचा आशय असा, की श्रेष्ठ साहित्य व चित्रपट यांत सर्व सूत्रे कर्त्याच्या हाती असतात, आणि व्हिडिओ गेममध्ये ती खेळणाऱ्याच्या निवडीवर सोपविलेली असतात. म्हणून हा प्रकार कलापदाला पोहोचू शकत नाही. या मतावर पुष्कळ वाद झाला. गेम्सच्या कैवाऱ्यांनी बहुधा दृश्यांची भव्यता, संगीताची उंची आणि कथेचे नावीन्य यांकडे बोट दाखविले. परंतु हे उत्तर प्रश्नाला बगल देणारे आहे. दृश्य चित्रकलेचे, संगीत संगीतकलेचे आणि कथा साहित्याची. उसने आणलेल्या अलंकारांनी घराण्याचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही.

आपल्या परंपरेतून पाहिले असता आक्षेप अधिकच बळावतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत 'निजसुखादिविवशीभाव' हे एक आहे. स्वतःच्याच सुखदुःखाने जो ग्रासलेला आहे, त्याला दुसऱ्याच्या भावाचा आस्वाद घेता येत नाही, हे त्याचे तात्पर्य. खेळणारा तर या विघ्नातच बसलेला असतो. जिंकावे ही त्याची इच्छा, हरल्याचा त्याचा विषाद, दहाव्या प्रयत्नात यश मिळाल्याचा त्याचा हर्ष, हे सर्व त्याचे स्वतःचे असतात. सारीपाटावर बसलेल्या माणसाला कोणी रसिक म्हणत नाही, ते याच कारणाने.

हा आक्षेप मनात ठेवून प्लेस्टेशन या कन्सोलच्या निरनिराळ्या पिढ्यांतील चार खेळ अलीकडे प्रकाशनक्रमाने खेळले गेले. त्या परिशीलनाचे निष्कर्ष येथे मांडले आहेत. 'इको' (२००१), 'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५), 'जर्नी' (२०१२) आणि 'द लास्ट ऑफ अस' (२०१३) हे ते चार खेळ होत. यांपैकी एकातही वरील विघ्न टाळलेले नाही. प्रत्येकात त्याला साधन म्हणून कामास लावले आहे, आणि त्यामुळेच ते येथे विचारार्थ घेतले आहेत.

२

'इको' हा फुमितो उएदा या जपानी दिग्दर्शकाचा पहिला खेळ. कथा लहान मुलांच्या गोष्टीइतकी साधी आहे. डोक्यावर शिंगे घेऊन जन्मलेल्या एका मुलाला अपशकुनी समजून गावकरी एका निर्जन किल्ल्यात कोंडून जातात. तेथे त्याला पिंजऱ्यात कैद असलेली योर्दा नावाची गौरवर्ण मुलगी भेटते. तिची भाषा त्याला कळत नाही. पडद्यावर तिचे शब्द उमटतात तेही अनोळखी लिपीत. दोघांनी मिळून किल्ल्याबाहेर पडावयाचे, एवढेच कथासूत्र.

उएदाने आपल्या रचनेत वजाबाकीचे तत्त्व पाळल्याचे प्रसिद्ध आहे. त्या काळच्या खेळांत पडद्याच्या कडेला नायकाची शक्ती, गुण, शस्त्रे यांचे जे कोष्टक असे, ते येथे नाही. आकाशवाणीसारखे सतत वाजणारे संगीत नाही. वारा, पाण्याचा आवाज आणि पावलांचे प्रतिध्वनी आहेत. एवढे काढून टाकल्यावर जे उरले ते म्हणजे एक बटन. ते दाबून धरले असता मुलगा योर्दाचा हात धरतो आणि बोट उचलताच हात सुटतो. ती त्याच्याइतक्या वेगाने धावू शकत नाही. त्यामुळे धावताना तिला ओढ बसते आणि तिचे अंग हेलकावते. तिला एकटी सोडून दूर गेले की जमिनीतून छायाकृती वर येतात आणि तिला काळ्या विवरात ओढून नेऊ लागतात. खेळ थांबवून जपून ठेवावयाचा असेल तेव्हाही दोघांना एका दगडी बाकावर शेजारी शेजारी बसवावे लागते. विश्रांतीसुद्धा एकट्याला नाही.

या बटनाचे महत्त्व कथेच्या उत्तरार्धातील पुलाच्या प्रसंगानंतर कळते. सुटकेचा पूल दुभंगू लागतो. मुलगा बाहेरच्या जगाच्या बाजूला असतो आणि योर्दा मागे राहते. तो मागे वळून तिच्याकडे झेप घेतो. पण राणीचे मायाबल तिला हिरावून नेते आणि तो खाली कोसळतो. यापुढचा बराच मोठा प्रवास त्याने एकट्याने करावयाचा आहे. पाण्याने ओले झालेले कडे, यंत्रांची चाके, साखळ्या यांतून वाट काढीत असता खेळणाऱ्याचे बोट सवयीने त्याच बटनावर जाते, आणि पडद्यावर काहीच घडत नाही. धरण्यास हात नाही.

विप्रलंभाचे वर्णन काव्यात असंख्य वेळा आले आहे. तेथे विरह नायकाचा असतो, आणि सहृदय त्याचा आस्वाद घेतो. येथे विरहाची खूण खेळणाऱ्याच्या स्वतःच्या बोटात राहिलेली आहे. काही तासांत लागलेली ती एक क्षुल्लक सवय. परंतु तिच्या तुटण्यातून जी रिक्तता जाणवते ती पडद्यावरील मुलाची की आपली, हे सांगता येत नाही. 'इको'मध्ये उणिवा नाहीत असे नव्हे. छायाकृतींशी होणाऱ्या झटापटी त्याच त्या स्वरूपाच्या आहेत, आणि काठी फिरविण्याच्या त्या कंटाळवाण्या प्रसंगांत मूळ भावाचा धागा मधूनमधून सुटतो. तथापि हाताच्या एका सवयीवर संपूर्ण भाव उभा करता येतो, हे या खेळाने प्रथम दाखवून दिले.

३

'शॅडो ऑफ द कोलोसस' ही त्याच दिग्दर्शकाची पुढील कृती. मूळ खेळ प्लेस्टेशन २ वर आला होता. ब्लूपॉइंट गेम्स या संस्थेने २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी त्याची नवी आवृत्ती घडविली, आणि परिशीलन या आवृत्तीचे आहे. मूळ यंत्राची शक्ती अपुरी पडत असल्याने जुन्या आवृत्तीत पडद्यावरील गती अडखळत असे. तो दोष येथे दूर झाला आहे.

वांडर नावाचा तरुण मृत तरुणीचे शव घोड्यावर घालून निषिद्ध प्रदेशात येतो. तेथील दोर्मिन नावाची अशरीर शक्ती त्याला सांगते, की या प्रदेशातील सोळा महाकाय प्राण्यांचा वध केल्यास ही मुलगी कदाचित जिवंत होईल. मात्र त्याचे मूल्य मोठे द्यावे लागेल. तरुण अट स्वीकारतो. येथून पुढे खेळात या सोळा लढतींखेरीज जवळजवळ काही नाही. किरकोळ शत्रू नाहीत, गावे नाहीत, माणसे नाहीत. तलवार उन्हात धरली की तिच्यावरून परावर्तित होणारा किरण पुढच्या प्राण्याची दिशा दाखवितो, आणि ओसाड माळांवरून घोडा दौडवीत तेथवर जावयाचे.

पहिला प्राणी टेकडीएवढा आहे. त्याच्या पायावरील केस धरून वर चढावे लागते. तो अंग झाडतो तेव्हा बटन घट्ट दाबून धरावे लागते. पकडीची शक्ती दाखविणारे वर्तुळ लहान होत जाते, आणि खेळणाऱ्याची बोटे खरोखरच आखडतात. अखेर मस्तकावर पोहोचून तलवार खुपसली जाते. या क्षणापर्यंतचा आवेग वीररसाचा आहे. परंतु प्राणी कोसळू लागताच विजयाचे सूर वाजत नाहीत. कोऊ ओतानी या संगीतकाराने येथे शोकाची धून योजिली आहे. मृत देहातून काळ्या दोऱ्या निघून तरुणाच्या शरीरात शिरतात आणि तो बेशुद्ध पडतो. हा क्रम सोळा वेळा होतो. दर वेळी तरुणाचा चेहरा थोडा अधिक निस्तेज, वस्त्रे थोडी अधिक मळकी होत जातात. कोणी तसे सांगत मात्र नाही.

प्राण्यांपैकी काही आक्रमक आहेत, काही नाहीत. वाळवंटावर तरंगणारा तेरावा महाकाय प्राणी तर खेळणाऱ्यावर एकदाही हल्ला करीत नाही. तो आकाशात आपल्या वाटेने चाललेला असतो. त्याच्या पोटाखालील हवेच्या पिशव्या बाणांनी फोडाव्या लागतात. मग तो खाली झुकतो, आणि भरधाव घोड्यावरून त्याच्या पंखावर उडी घ्यावी लागते. कौशल्याच्या दृष्टीने हा सर्वांत रमणीय प्रसंग आहे. उडी साधते तेव्हा होणारा आनंद निर्भेळ असतो. त्याच आनंदाच्या भरात एका निरुपद्रवी जीवाचा वध होतो. तो कोसळल्यावर वाळवंटावरचे आकाश रिकामे राहते. ते रिकामे कोणी केले, या प्रश्नाला एकच उत्तर आहे.

येथे करुणरस आहे, असे म्हणून विषय संपविता येणार नाही. करुण हा प्रेक्षकाला लाभू शकतो. वाळवंटातील तो वध दुसऱ्या कोणी केलेला आपण पाहिला असता तर करुणच जागा झाला असता. येथे जागा होणारा भाव अनुताप आहे. रसशास्त्रातील तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादीत त्याला स्वतंत्र स्थान नाही. निर्वेद, ग्लानी, व्रीडा आणि विषाद हे त्याचे निकटचे आप्त तेवढे आढळतात. याचे कारण उघड आहे. अनुताप हा कर्त्याचा भाव आहे, आणि प्रेक्षागृहात बसलेल्याने काहीही केलेले नसते. मॅक्बेथच्या अपराधाची भीषणता प्रेक्षकाला जाणवते; त्याच्या हाताला मात्र रक्ताचा डाग लागत नाही.

या खेळाचा शेवट याच दिशेने जातो. सोळावा प्राणी पडल्यावर दोर्मिन तरुणाच्या शरीराचा ताबा घेते आणि तो स्वतःच शिंगे असलेला प्रचंड काळा प्राणी होतो. या अवस्थेतही कंट्रोलर खेळणाऱ्याच्याच हाती असतो. पायांशी लहानशी माणसे धावत असतात. हात उगारावा तर तो जड, संथ आणि नेमहीन. आजवर आपण ज्यांच्या अंगावर चढलो त्यांना आपण कसे दिसत होतो, हे या दोन मिनिटांत कळते. नंतर एक प्रखर ओढ त्याला मंदिरातील कुंडाकडे खेचू लागते. खेळणारा खांब धरतो, पायरी धरतो, पुन्हा पुन्हा उठून मुलीकडे जाऊ पाहतो. ती पकड सुटणार हे ठरलेले आहे. तरीही पहिल्या लढतीपासून अंगवळणी पडलेले ते बटन सोडवत नाही.

४

'जर्नी' हा दॅटगेमकंपनी या अमेरिकन संस्थेने जेनोव्हा चेन याच्या दिग्दर्शनाखाली घडविलेला खेळ वरील दोहोंहून वेगळा आहे. त्यात वध नाही, शत्रूही जवळजवळ नाहीत. झगा पांघरलेली एक आकृती वाळूच्या समुद्रात जागी होते, दूरवर प्रकाशमान शिखराचा पर्वत दिसतो, तेथवर जावयाचे. सुमारे दोन तासांत हा प्रवास पूर्ण होतो. ऑस्टिन विंटरी याच्या संगीताला ग्रॅमी पुरस्कारासाठी नामांकन मिळाले, आणि व्हिडिओ गेमच्या संपूर्ण पार्श्वसंगीताला तसा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. तथापि येथे विचार करावयाचा तो संगीताचा नव्हे, सोबत्याचा.

वाळवंटात मधेच तशीच दुसरी आकृती दिसते. ती यंत्राने चालविलेली नसते. जगाच्या पाठीवर कोठे तरी त्याच वेळी हा खेळ खेळणारी ती खरी व्यक्ती असते. तिचे नाव कळत नाही. बोलता येत नाही, लिहिता येत नाही. एक बटन दाबले असता आकृतीभोवती प्रकाशाचे वलय उमटून एक सूर निघतो, तेवढेच संभाषण. दोघे जवळ आले की परस्परांच्या उत्तरीयात उडण्याची शक्ती भरते. चेनने सांगितले आहे, की प्रारंभीच्या आराखड्यात खेळणाऱ्यांना एकमेकांना ढकलता येत असे. तेव्हा पुष्कळजण साहाय्य करण्याऐवजी सोबत्याला संकटात लोटीत. पुढे ढकलण्याची सोयच काढून टाकण्यात आली. ही घटना उद्बोधक आहे. माणसे मूळची दुष्ट किंवा सुष्ट असे तीवरून सिद्ध होत नाही. हाताला जे करता येते तेच मन करू पाहते, आणि खेळाचा रचनाकार हाताचे नियम ठरवून मनाचीही दिशा ठरवितो, एवढे मात्र तीवरून निश्चित होते.

शेवटच्या टप्प्यात हिमवर्षाव सुरू होतो. उत्तरीय गोठून आखूड होत जाते. दोघे अंगाला अंग लावून चालले तर थोडी ऊब राहते. कंट्रोलरची काडी पूर्ण पुढे लोटली तरी पावले मंदावत जातात आणि अखेर दोन्ही आकृती बर्फात पडतात. या वेळी मनात येणारी काळजी पात्राविषयी नसते. त्या अनाम माणसाने खेळ सोडून तर दिला नसेल, ही ती काळजी असते. शिखर गाठून खेळ संपल्यावर पडद्यावर वाटेत भेटलेल्या सोबत्यांची नावे उमटतात. आपण ज्याला एक सोबती समजत होतो ते कित्येकदा दोघे-तिघे निघतात. एक गेला, दुसरा आला, आणि ते लक्षातही आले नाही.

साधारणीकरणाचा याहून विलक्षण प्रकार सांगता येणे कठीण. देश, नाम, जाती, वय ही सर्व विशेषणे गळून पडून केवळ सोबत उरते. परंतु ती सोबत कविकल्पित नसून खऱ्या माणसाची असते. व्यक्तिविशेष नाहीसा झाल्यावरही व्यक्ती शिल्लक राहते. या खेळाची मर्यादाही याच ठिकाणी आहे. सोबत्याशी मतभेद होण्याची, त्याच्यासाठी काही गमावण्याची संधी येथे नाही. परस्परांना इजा करता येत नसल्याने क्षमा करण्याचाही प्रश्न येत नाही. म्हणून 'जर्नी'तील शांती खरी असली तरी ती कसोटीला न लागलेली शांती आहे.

५

'द लास्ट ऑफ अस' या नॉटी डॉग संस्थेच्या खेळाचे दिग्दर्शन ब्रूस स्ट्रॅली व नील ड्रकमन यांनी केले. एका बुरशीच्या संसर्गाने मानवी समाज कोसळला आहे. त्या उत्पाताच्या पहिल्या रात्री जोएलची मुलगी मारली जाते. वीस वर्षांनंतर त्याच्यावर एली या चौदा वर्षांच्या मुलीला देशाच्या एका टोकाकडून दुसरीकडे पोहोचविण्याची जबाबदारी येते, कारण संसर्ग होऊनही ती रोगी झालेली नाही. ड्रकमनने 'इको'चे ऋण मान्य केले आहे, आणि ते पदोपदी जाणवते. कोणाला तरी बरोबर घेऊन चालणे हाच याही खेळाचा गाभा आहे.

अखेरीस सॉल्ट लेक सिटीतील रुग्णालयात कळते, की तिच्यावर शस्त्रक्रिया करून लस तयार करता येईल. परंतु तीत तिचा मृत्यू अटळ आहे. तिला विचारलेले नाही. जोएल सशस्त्र पहारेकऱ्यांना मारीत शस्त्रक्रियागृहात शिरतो. समोर एक शल्यवैद्य हातात लहानसे पाते घेऊन उभा राहतो. आता काय करावयाचे ते कोणी सांगत नाही. आणि काही न केले तर खेळ पुढे सरकत नाही. कित्येक खेळणारे येथे थबकतात. दुसरी वाट असेल म्हणून खोलीत फिरून पाहतात. दुसरी वाट नसते. त्या वैद्याला मारल्याखेरीज एलीपर्यंत जाता येत नाही, आणि ते कृत्य कंट्रोलर हाती असलेल्यानेच करावयाचे असते. शेवटच्या छोट्या प्रसंगात खेळणाऱ्याच्या हाती जोएलऐवजी एली दिली जाते. तिला जोएलने खोटे सांगितलेले असते, आणि ते खोटे आहे हे खेळणाऱ्याला ठाऊक असते. ज्याने कृत्य केले तोच आता फसविल्या गेलेल्याच्या पावलांनी चालू लागतो.

याच कथेवर एचबीओने २०२३ मध्ये दूरचित्रवाणी मालिका सादर केली. क्रेग मॅझिन व ड्रकमन हे तिचे कर्ते. पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात रुग्णालयाचा हाच प्रसंग आहे. घटना तीच, पात्रे तीच, आणि पेद्रो पास्कल याचा अभिनय उत्तम. दोन कलाप्रकारांची तुलना करण्यास यापेक्षा सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल. मालिका पाहताना प्रेक्षक जोएलचा न्याय करतो. त्याने योग्य केले की अयोग्य, हा वाद तो आरामात करू शकतो. खेळताना हा न्यायाधीशाचा आसनच नाहीसा होतो. खेळणारा प्रथम स्वतःच्या थबकण्याचा साक्षी होतो, नंतर त्या थबकण्यानंतरही केलेल्या कृत्याचा. मालिकेत जे मत होते ते खेळात आठवण होऊन बसते.

या खेळाचा मोठा दोष मात्र नमूद केला पाहिजे. रुग्णालयापर्यंत पोहोचण्यापूर्वी खेळणाऱ्याच्या हातून शेकडो माणसे मारली गेलेली असतात, आणि त्यांच्या मृत्यूचे ओझे खेळ त्याच्यावर टाकीत नाही. एका वैद्याच्या मृत्यूने विद्ध व्हावे आणि शेकडो पहारेकऱ्यांच्या मृत्यूने होऊ नये, ही विसंगती आहे. 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये सोळाच वध असल्यामुळे एकही विसरला जात नाही. वजाबाकीचे तत्त्व केवळ सौंदर्याचे नसून नीतीचेही आहे, असा धडा या दोन खेळांच्या तुलनेतून मिळतो.

६

वरील चार उदाहरणांवरून ईबर्टच्या आक्षेपाची पुन्हा तपासणी करता येते. खेळात सूत्रे खेळणाऱ्याच्या निवडीवर सोपविलेली असतात, असे त्याने गृहीत धरले. परंतु या चारही खेळांत कथेला वळण देणारी निवड जवळजवळ नाही. महाकाय प्राणी मारावेच लागतात, पूल दुभंगतोच, वैद्य मरतोच. सूत्रे कर्त्याच्याच हाती आहेत. खेळणाऱ्याला दिली आहे ती निवड नसून कृती. निवड आणि कृती या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच हा वाद इतका लांबला.

न निवडलेली कृती करणारा माणूस आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. तो नट होय. नटाला रस मिळतो काय, यावर प्राचीनांत मतभेद होता. अभिनवगुप्ताच्या मते नट हा पात्र आहे, आणि भांड्याला त्यातील पेयाची चव कळत नाही. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त थोडी सवलत दिली : नट जर काव्यार्थाची भावना करीत असेल तर तोही सभ्यांच्या पंक्तीत बसू शकतो. खेळणारा हा असा सभ्य झालेला नट आहे. दुसऱ्याने ठरविलेली भूमिका तो करतो आणि तीच समोरच्या पडद्यावर पाहतो. त्याच्या ठिकाणी भांडे व पिणारा एकच झाले आहेत.

न. चिं. केळकरांच्या 'सविकल्प समाधी'च्या कल्पनेलाही येथे नवे उदाहरण मिळते. स्वतःचे भान न सोडता परक्या अवस्थेशी एकरूप होणे, हा त्या समाधीचा विशेष. वाचकाच्या बाबतीत स्वतःचे भान म्हणजे 'मी वाचक आहे' एवढीच जाणीव. ती समाधीला सौम्य मर्यादा घालते. खेळणाऱ्याच्या बाबतीत स्वतःचे भान म्हणजे 'हे मी केले' ही जाणीव, आणि ती समाधीला अधिक तीव्र करते.

मग निजसुखादिविवशीभावाचे काय? उडी साधल्याचा हर्ष खेळणाऱ्याचा स्वतःचा आहे, हे खरे. परंतु 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये तो हर्षच पुढच्या क्षणी पुरावा म्हणून त्याच्यासमोर ठेवला जातो. त्याच्या जिंकण्याच्या हौसेवाचून तो वध झाला नसता. कन्सोल बंद करण्याची मुभा त्याला सदैव होती. अनुतापाला आधार मिळतो तो येथे. आणि तरीही तो अनुताप आस्वाद्य राहतो, कारण कोणीही खरोखर मेलेले नाही. कर्म कल्पित आहे, कर्तृत्व मात्र खरे आहे. लौकिक जीवनात कर्तृत्व खरे असते तेव्हा कर्मही खरे असते, म्हणून तेथील अनुताप केवळ जाळतो; नाट्यात दोन्ही दुसऱ्याची असतात, म्हणून अनुताप उद्भवतच नाही. या दोहोंमधील जी भूमी आजवर मोकळी होती, तीत या कलेने पाऊल ठेवले आहे.

असे खेळ संख्येने थोडे आहेत, हे मान्य केले पाहिजे. बहुसंख्य खेळांत विघ्न हे विघ्नच राहते. खेळणारा जिंकतो, हरतो आणि विसरतो. परंतु कोणत्याही कलाप्रकाराची शक्यता त्याच्या सामान्य उदाहरणांवरून ठरत नसते. समीक्षेने येथे दृश्यांची प्रशंसा आणि कथेचा सारांश एवढ्यावर न थांबता प्रत्येक खेळाला एकच प्रश्न विचारला पाहिजे : याने खेळणाऱ्याच्या हाताकडून काय करविले, आणि केल्यानंतर त्या हाताजवळ काय ठेवले? 'इको'ने हाताजवळ रिक्तता ठेवली, 'जर्नी'ने एक अनाम ऊब. उरलेल्या दोन खेळांनी डाग ठेवला. देवांनी नाट्याचा प्रयोग करण्यास नकार दिला, तेव्हा ते कशापासून बचावले आणि कशाला मुकले, हे या चार खेळांच्या परिशीलनानंतर अधिक स्पष्टपणे दिसू लागते.